बोटभर तूप

आमच्या ट्रकने, सहासष्टने, क्लच सोडला तेव्हा आमच्याकडे ब्याऐंशी मेंढ्या उरल्या होत्या आणि त्या सगळ्या गाभण होत्या.

हिवाळा लागताना चारशेच्या वर होत्या. मग झुद पडला. आधी अवेळी पाऊस झाला, त्या रात्रीच तो गोठला, आणि गवत काचेखाली ठेवल्यासारखं नुसतं दिसत राहिलं. जनावरं त्या काचेवर खूर आपटून आपटून मेली. ज्यांच्यात त्राण होतं त्या मेंढ्या माझ्या दिराने हाकत लाल खिंडीपलीकडे नेल्या. तिकडच्या उतारावर वारा बर्फ टिकू देत नाही. मागे राहिल्या त्या ह्या ब्याऐंशी, पोट टोपल्याएवढं आणि पायांच्या काड्या. ह्या चालत जाणाऱ्या नव्हत्या. गाडीतून खिंडीपलीकडे पोचल्या तर वसंतात कोकरं होणार आणि आमचं घर घर राहणार. नाही पोचल्या तर शहराच्या कडेला तंबू ठोकून लोकांचा कोळसा वाहायचा. आमच्या खोऱ्यातली तीन घरं आधीच तिकडे गेली होती.

गाडीला सगळे सहासष्टच म्हणायचे. तिच्या नावातला तेवढा आकडाच आमच्या जिभेला जमायचा. सामुदायिक शेती मोडली तेव्हा वाटणीत ती माझ्या नवऱ्याच्या, सोदनोमच्या, वाट्याला आली. ती आधी चालवायचे ते योंदोन काका आमच्या शेजारीच राहायचे. गाडी गेली तरी तिच्या खोकल्यावर त्यांचे कान असायचे.

"स्लिप मारतोय," काका तंबूत आले ते हेच म्हणत. "इंजिन ओरडतंय आणि चाकं ऐकत नाहीत. मागचं सील गेलं, तेल प्लेटवर उतरलं."

"उपाय?" सोदनोमने विचारलं.

"क्लच म्हणजे नवरा-बायको रे. मधे तेल आलं की धरत नाहीत आणि पाणी आलं की सोडत नाहीत. पहिल्यांदा कोरडं करून बघू."

मग त्यांचे उपाय सुरू झाले. जनावरांना टोचायच्या मोठ्या सिरिंजमध्ये पेट्रोल भरून क्लचच्या घरात मारलं. ते एक दिवस पुरलं. मग शेणीची राख. मी ती ओढणीतून दोनदा गाळून दिली, पिठासारखी. काका गाडीखाली आडवे झाले, खालचं झाकण काढलं, सोदनोम वर बसून पेडल दाबत-सोडत राहिला आणि काका मुठीमुठीने राख आत फुंकत राहिले. बाहेर आले तेव्हा भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. गाडी दोन दिवस चालली. पलीकडच्या खोऱ्यात कुणी एकाने क्लचमध्ये अर्खी, दुधाची दारू, ओतली होती म्हणे; नंतर कळलं की बाटली क्लचपर्यंत पोचलीच नव्हती. हे सांगून काका एकटेच हसले.

तिसऱ्या खेपेला राखेचंही चालेना. काकांनी आत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "प्लेट संपली. रिबिटा दिसायला लागल्या. आता नवीच हवी."

सोदनोम घोड्यावर तालुक्याच्या गावी गेला, तो चौथ्या दिवशी परतला. जाताना त्याच्या घोड्यावर वडिलांचं चांदीच्या फुल्यांचं खोगीर होतं. येताना घोड्यावर पोतं टाकलेलं होतं. प्लेट त्याने डगल्याच्या आत छातीशी धरून आणली होती, लोकरीच्या नमद्यात गुंडाळून. ज्याच्याकडे ती मिळाली त्या माणसाने त्याला दोन दिवस दारात बसवलं. खोगीर उलटंसुलटं करून पाहिलं, फुल्या दाताने चावून पाहिल्या, आणि "तुझ्या बापाला मी ह्याच्यावर बसलेला पाहिलाय, त्याला शोभायचं," असंही म्हणाला. हे सगळं सोदनोमने एकदाच सांगितलं, आगीकडे बघत.

आई ऐकत होत्या. आई म्हणजे माझी सासू. सुनेने सासूचं नाव घ्यायचं नसतं आमच्यात, म्हणून इथेही घेत नाही. नवऱ्याच्या खोगिराच्या जागी पोतं पाहून त्या बाहेर गेल्या आणि घोड्याची मान बराच वेळ खाजवत बसल्या.

प्लेट आम्ही तंबूत दारासमोरच्या मानाच्या जागी, पेटीवर ठेवली. वरती देवाचं चित्र आणि सासऱ्यांचा फोटो. काकांनी बजावलं, "हिला कुणी हात लावायचा नाही. तेलाचा थेंब लागला तर खोगीर गेलं आणि प्लेटही गेली असं समजा." मी ऐकलं. आई तेव्हा बाहेर एका मेंढीला उठवत होत्या. एकीने शेपटी धरायची, दुसरीने छाती, आणि तिला पाय आठवेपर्यंत उभी धरून ठेवायची, हेच आमचं दिवसभराचं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निवळलेलं होतं. रेडिओवर सांगितलं की दोन दिवस असं राहील, मग वादळ. दोन दिवसांत दोन खेपा, एकेचाळीस आणि एकेचाळीस. त्यासाठी दुपारपर्यंत क्लच बसायला हवा होता. दोघे पुरुष नमदा अंथरून गाडीखाली शिरले. बाजूला पत्र्याच्या डब्यात शेणी पेटवल्या होत्या. मिनिटभर बोल्ट फिरवायचा आणि बोटं त्या डब्यावर धरायची. उघड्या हाताने पाना धरला तर कातडी त्यालाच चिकटून येत होती. गिअर बॉक्स उतरवताना काकांच्या छातीवर आला, ते शिव्या द्यायच्या ऐवजी नुसते "हं" म्हणाले. सीलच्या जागी त्यांनी स्वतःच्या जुन्या बुटाचा नमदा गोल कापून बसवला.

"खोरलो!" सोदनोमने गाडीखालून मला हाक मारली. "प्लेट आण!"

मी आत गेले. आई चुलीसमोर मांडी घालून बसल्या होत्या. प्लेट त्यांच्या मांडीवर होती. शेजारी तुपाची लाकडी वाटी.

आमच्यात नवं काहीही तुपाचं बोट लावल्याशिवाय वापरत नाहीत. तंबू, सुरी, खोगीर, पाळण्यातलं पोर, सगळ्यांना बोट लागतं. तोंडाने शुभ बोलायचं आणि अनामिकेने तूप लावायचं. ही गाडी आली तेव्हाही आईंनी स्टिअरिंगला आणि इंजिनाच्या झाकणाला लावलं होतं, आणि दहा वर्षं तिने कुणाला दगा दिला नाही असं त्या सगळ्यांना सांगायच्या. आईंच्या अनामिकेचं टोक नव्हतं. लहानपणी थंडीने गेलेलं. त्या बोथट बोटाने त्या प्लेटला तूप लावत होत्या. मधल्या लोखंडाला चार दिशांना चार बोटं लावून झाली होती आणि आता गोल, दोन्ही बाजूंनी, त्या काळपट, घासणाऱ्या लायनिंगवर त्या सावकाश हात फिरवत होत्या. एरवी त्या बोटभर तूप लावायच्या. त्या दिवशी अर्धी वाटी रिकामी झाली होती.

"लोखंडासारखी टिकाऊ हो," त्या पुटपुटत होत्या, "वाटेत थकू नकोस, माझ्या मुक्या लेकरांना पलीकडे ने."

मला काकांचं बोलणं आठवलं. तोंडापर्यंत शब्द आला. पण शुभ बोलणं चालू असताना मधे वाकडं बोललं तर ते उलटतं, हे मी माझ्या जन्मदात्रीच्या दुधाबरोबर प्यायलेलं. आणि सुनेने सासूला अडवायचं ते कोणत्या तोंडाने? ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं की मलाही ते तूप हवं होतं. चार महिने रोज सकाळी मी मेलेल्या मेंढ्या पायाला धरून ओढत होते. कुणीतरी आमच्यासाठी चांगलं बोलत होतं, त्या आवाजाने माझे डोळे भरून आले. मी गप्प उभी राहिले.

"घे," आई म्हणाल्या. "जपून ने."

दाराबाहेर येताच मी ती बाहीने पुसली. दोन्ही बाजू, घाईघाईने. पण बाहेर उणे पस्तीस होतं. तूप क्षणात पांढरं पडून चिकटलं. वरवरचं निघालं, बाकीचं तसंच. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय.

"दव धरलंय हिच्यावर," सोदनोम गाडीखालून हात काढत म्हणाला.

"बसेल ते, इंजिन तापलं की उडेल," काका म्हणाले. त्यांचे डोळे धुराने पाणावलेले होते. मी प्लेट सोदनोमच्या हातात दिली.

दुपारी एकेचाळीस मेंढ्या उचलून चढवल्या. एक-एक मेंढी म्हणजे लोकरीत गुंडाळलेला हाडांचा जुडगा, पण पोटात हात लागला की आतलं कोकरू लाथ मारायचं. सोदनोमने इंजिन चालू केलं, पेडल दाबलं, गिअर टाकला. दातावर दात घासल्याचा आवाज झाला.

"सोडत नाहीये," तो ओरडला.

"गारठलीय," काका म्हणाले. त्यांनी दोन किटल्या उकळतं पाणी क्लचच्या घरावर ओतायला लावलं. मग पेडलला दांडकं अडकवून ते दाबलेलं ठेवलं आणि गिअरमध्येच इंजिन मारायला सांगितलं. गाडीने बिथरलेल्या घोड्यासारखी उडी मारली, मेंढ्या मागे एकमेकींवर पडल्या, दुसऱ्या उडीला आत काहीतरी तडकन सुटलं आणि गाडी चालू लागली. काका टोपी काढून नाचले. आईंनी चाकांवर दूध शिंपडलं, मग त्या केबिनमध्ये आमच्या मधे इंजिनाच्या झाकणावर येऊन बसल्या. उरलेल्या एकेचाळीस घेऊन काका मागे थांबले.

"उद्या दुपारपर्यंत येतो," सोदनोम म्हणाला.

"आलास तर चहा, नाही आलास तर शिव्या," काका म्हणाले.

सपाटीवर गाडी छान चालली. सोदनोम गुणगुणत होता, कितीतरी दिवसांनी. खिंडीचा चढ लागला, पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र हळू झाली. त्याने खालचा गिअर टाकला. आवाज अजून चढला. मग गाडी उभी राहिली, इंजिन किंचाळत, चाकं गप्प.

आणि झाकणाच्या फटीतून वास आला. जळक्या क्लचचा वास मला माहीत होता, तो घशाला लागतो. हा तसा नव्हता. हा पांढऱ्या महिन्याच्या सणाला आम्ही कढईत पिठाचे बोव तळतो तेव्हाचा वास होता.

आईंनी नाक वर केलं. "कुणाच्या घरी तूप कढतंय गं?" त्यांनी विचारलं, अगदी खुशीत.

त्या खिंडीत घर नव्हतं. मी खाली बघितलं.

सोदनोमने चाकांना दगड लावले आणि खाली शिरून झाकण उघडलं. आधी तो काकांच्या बुटाला शिव्या देत होता. मग शिव्या थांबल्या. मी वाकून पाहिलं. त्याने दोन बोटं आत घालून बाहेर काढली, वास घेतला, आणि एक बोट जिभेला लावलं.

"हे इंजिनाचं तेल नाही," तो म्हणाला.

आई पलीकडच्या बाजूने उतरून मागच्या मेंढ्यांशी बोलत होत्या.

"प्लेट तू आणून दिलीस ना?"

"हो."

"हात कसले होते तुझे?"

आई आता ऐकत होत्या. त्यांच्या तोंडावर अजून सकाळचं ते शुभ बोलणं होतं, असं मला वाटलं. ह्या बाईने ह्या एका हिवाळ्यात कळप जाताना पाहिला, नवऱ्याचं खोगीर जाताना पाहिलं. आणि मी पाहत असून बोलले नव्हते. दोष मोजायचाच तर माझा जास्त भरला असता.

"तुपाचे," मी म्हणाले. "चहात तूप घातलं होतं. हात पुसायचे राहिले."

सोदनोमने पाना बर्फावर फेकला. मला मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. बोलल्या त्या आई.

"हात पुसायचे राहिले? अगं, एवढ्या मोलाने आणलेली वस्तू ती! घरात आलेल्या भाग्याला खरकट्या हाताने धरतात होय? मी तिला एवढं मनापासून लावलं, देवाचं नाव घेऊन लावलं, आणि ही बया..." त्यांना धाप लागली. "माझ्या पोराचं खोगीर गेलं त्या प्लेटपायी."

'मी तिला लावलं' हे त्यांनी सोदनोमच्या समोर म्हटलं. पण वारा सुटला होता आणि तो पुन्हा गाडीखाली गेला होता. त्याने ऐकलं की नाही ते मला तेव्हा कळलं नाही.

परवाचं म्हणून सांगितलेलं वादळ आजच येत होतं. खिंडीच्या तोंडाशी आभाळ दुधी झालं होतं. पलीकडे पोचल्यावर पहिली चूल पेटवायला घेतलेलं शेणींचं पोतं आम्ही बादलीत पेटवलं, राखेसाठी. पेट्रोलने प्लेट धुतली, जेवढी आत हात घालून धुता येते तेवढी. राख आईंनी चाळली, डोक्यावरची ओढणी सोडून, उघड्या केसांनी वाऱ्याकडे पाठ करून. एक खडा राहू दिला नाही. सोदनोम ती फुंकत होता, मी वर पेडल मारत होते. पेडल मारून मारून गुडघा बधिर झाला. दोन तास गेले.

गाडीने थोडं धरलं. हातभर पुढे गेली आणि पुन्हा घसरली.

"वळणावर तोंड फिरवून उलटी चढवतो," सोदनोम म्हणाला. "रिव्हर्स सगळ्यात हलका गिअर. पण एवढं वजन नाही ओढणार." त्याने मागे पाहिलं. "अर्ध्या उतरवायच्या."

"कुठे?" आईंनी विचारलं.

वळणाच्या आतल्या बाजूला एक खडक होता, त्याच्या आडोशाला आम्ही वीस मेंढ्या उतरवल्या. कोणत्या, हे ठरवायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "हाताशी येतील त्या," आणि मी डोळे मिटून हाताशी येतील त्या दिल्या. एकीचं कोकरू माझ्या मनगटावर लाथ मारत होतं. तिला मी उतरवलं आणि तिच्या जागी दुसरी उतरवावी, असा विचार करत पुन्हा उचलायला गेले, तर सोदनोमने माझा हात धरला.

"मी थांबते ह्यांच्याजवळ," मी म्हणाले.

"थांबून काय करशील? विसांत एकविसावी होशील. चढ वर."

त्या मेंढ्यांनी आमच्यामागे यायचा प्रयत्नही केला नाही. वाऱ्याकडे शेपट्या करून त्या उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या. गाडी खिंड उलटी चढली, तोंड खाली, पाठ वर. त्यामुळे शेवटच्या वळणापर्यंत त्या आम्हाला समोरच्या काचेतून दिसत होत्या. आईंनी डोळ्यांवर हात घेतले. मी घेतले नाहीत.

अंधार पडायच्या आत आम्ही दिराच्या तळावर पोचलो. रात्री वादळ फुटलं ते तीन दिवस थांबलं नाही. चौथ्या दिवशी सोदनोम आणि दीर घोड्यावर मागे गेले. खडकाच्या आडोशाला वीसच्या वीस उभ्याच्या उभ्या गोठल्या होत्या, एकमेकींना टेकून. मागे काकांनी आपल्या तंबूत मावतील तेवढ्या, नऊ मेंढ्या घेतल्या होत्या. स्वतः तीन रात्री त्यांच्यात बसून झोपले. त्या नऊ जगल्या. बाकीच्या बत्तीस बाहेर आवारातच मेल्या. काकांनी शिव्या दिल्या नाहीत, चहा दिला, असं सोदनोमने सांगितलं.

एकवीस आणि नऊ. त्यातल्या सात जणींनी गाभ टाकला, चार जणी विताना गेल्या. कळप म्हणायला जीभ धजत नव्हती, पण शहरात जावं लागलं नाही.

वसंतभर आई मला हात धुवायला लावत होत्या. दूध काढायच्या आधी, पीठ मळायच्या आधी, पाहुण्याला वाटी द्यायच्या आधी. "हिचे हात," त्या आल्या-गेल्याला सांगायच्या, "ह्या हातांनी माझ्या चाळीस-पन्नास मेंढ्या खाल्ल्या." बायका माझ्या हातांकडे बघायच्या. मी हात धुवायचे. सोदनोम कधी मधे पडला नाही. मला त्याचा राग यायचा, आणि मग माझाच यायचा.

गवत हिरवं झालं तेव्हा एक दिवस त्याने गिअर बॉक्स पुन्हा उतरवला. राखेवर गाडी तेवढे दिवस कशीबशी चालली होती. मी त्याला पाने देत होते. त्याने प्लेट बाहेर काढली, उन्हात धरली. लायनिंग जळून आरशासारखी काळी झाली होती. पण मधलं लोखंड, जिथे काही घासत नाही, तिथे तूप तसंच भाजून बसलं होतं. चार दिशांना चार तपकिरी ठसे. आखूड, रुंद, पुढे बोथट.

सोदनोमने ते बराच वेळ पाहिले. मग माझा हात ओढून घेतला आणि माझी अनामिका एका ठशाशेजारी ठेवली. माझं बोट लांब होतं, टोकदार होतं, पूर्ण होतं.

"वाऱ्यात ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "पण खरं वाटून घ्यायचं नव्हतं."

त्याने चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली आणि एक-एक ठसा पुसायला लागला. भाजलेलं तूप सहज निघत नाही. त्याने अंगठ्याच्या नखाने खरवडलं, पुन्हा पुसलं. चौथा ठसा पुसत असताना तंबूचं दार वाजलं. आई बाहेर आल्या होत्या, हातात तुपाची वाटी.

"नवं आणलंस का रे काही? दे इकडे, बोट लावते."

"नाही गं आई," तो प्लेटवर चिंधी टाकत म्हणाला. "जुनंच आहे."

"बरं. मग राहू दे." त्या वळल्या, आणि मला पाहून थांबल्या. "तू कशाला तिथे? हो लांब. तुझ्या हाताला काहीतरी असेल."

सोदनोमने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणि लांब झाले.